स्टीम वाँड गळत असेल, तर या चुका टाळा

एस्प्रेसो मशीनच्या स्टीम वाँडच्या, म्हणजे दूध तापवण्यासाठी वाफ सोडणाऱ्या नळीच्या, टोकाशी थेंब जमू लागले, की हात आपसूक नॉबकडे जातो आणि तो जमेल तितका घट्ट पिळला जातो. सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. हाताने फिरवण्याच्या बहुतेक व्हॉल्व्हमध्ये दांडीचे टोक बैठकीवर, म्हणजे आतल्या भोकाच्या कडेवर, टेकते आणि वाफेची वाट बंद होते. या जागी बऱ्याचदा मऊ वॉशर असतो. जोर लावल्यावर थेंब काही दिवस थांबतात खरे, पण वॉशरवर गोल खाच पडते आणि पुढे कितीही पिळले तरी गळती थांबत नाही. थेंब थांबेपर्यंत, दोन बोटांच्या जोराने नॉब बंद करणे पुरेसे असते.

दुसरी चूक म्हणजे गळती कुठून होते हे न पाहताच मशीन उघडणे. वरच्या सांध्यातून झिरपलेले पाणी नळीच्या बाहेरून ओघळत टोकाशी येते आणि दोष टोकाचा वाटतो. म्हणून नळी कोरडी पुसून सांध्याभोवती टिश्यू पेपरची पट्टी गुंडाळावी आणि वाफ सोडावी. पट्टी भिजली, तर सांध्याची ओ-रिंग (गळती अडवणारी रबरी कडी) गेली आहे असे समजावे. सांधा व्हॉल्व्हच्या पुढे असल्यामुळे तो प्रामुख्याने वाफ चालू असतानाच गळतो; नॉब बंद असूनही टोकातून थेंब पडतच राहिले, तर दोष व्हॉल्व्हचा असतो. अशा वेळी टोकाची जाळी बदलून काहीही साधत नाही. वाफ बंद केल्यानंतर पडणारे दोन-चार थेंब मात्र नळीत थंड होऊन पाणी झालेल्या वाफेचे असतात. त्यांची काळजी नको. एकच बॉयलर असलेल्या मशीनमध्ये कॉफी काढताना, म्हणजे पंपाचा सुमारे 9 बार दाब असताना, वाँड ठिबकू लागली, तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही याची ती स्पष्ट खूण आहे.

वॉशर बदलण्याआधी क्षार काढून पाहावेत, कारण बैठकीवर अडकलेला क्षाराचा बारीकसा कणही व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही. क्षार काढल्यानंतरच गळती सुरू झाली, तर घाबरून जाऊ नये. सुटलेला कण तिथे अडकलेला असू शकतो. नॉब पूर्ण उघडून गरम पाणी आणि वाफ काही सेकंद जोरात जाऊ दिली, की तो अनेकदा निघून जातो.

मशीन गरम असताना पाना लावू नये, हे मला कळकळीने सांगावेसे वाटते. दाबाखालच्या बॉयलरमधील पाणी 100 अंशांहून अधिक तापलेले असते आणि सांधा सैल होताच त्याची क्षणात वाफ होते. प्लग काढावा, मशीन पूर्ण थंड होऊ द्यावे आणि नॉब उघडून उरलेला दाब जाऊ द्यावा. त्यानंतरच काम सुरू करावे.

ओ-रिंगच्या सांध्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. तिथे पाणी अडवण्याचे काम आट्यांचे नसून रबराचे असते. पेट्रोलियम जेलीही नको, कारण वाफेसाठी वापरले जाणारे ईपीडीएम रबर तिने फुगते. खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्यावा. नवी ओ-रिंग घेताना आतला व्यास आणि जाडी दोन्ही मोजावीत. जोडणी झाल्यावर दूध न घेता केवळ वाफ सोडून तीच कोरडी पट्टी पुन्हा एकदा गुंडाळून पाहावी.