डिशचा बॉक्स हॉलमध्ये, टीव्ही आतल्या खोलीत: वायर ओढण्याआधी

आधी रिमोट. केबलचं नंतर बघू. हॉलमधल्या बॉक्सचं चित्र आतल्या टीव्हीवर न्यायचं म्हटलं की सगळे लांबी मोजायला धावतात. आत चित्र झकास दिसायला लागतं, आणि मग लक्षात येतं की चॅनल बदलायला दर वेळी उठून हॉलमध्ये यावं लागणार. गेल्या खेपेला आमच्याकडे हेच झालं, तेही भिंत रंगवून झाल्यावर. साध्या रिमोटचा इन्फ्रारेड किरण भिंतीतून जात नाही, आणि एचडीएमआय केबल चित्र-आवाज नेते, तो किरण नेत नाही. म्हणून कागदावर पहिल्या ओळीत लिहा: रिमोटचं काय?

रिमोट कुठल्या जातीचा आहे ते घरीच कळतं. मोबाईलचा पुढचा कॅमेरा चालू करून रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरा आणि चॅनलचं बटण दाबा. जांभळट ठिपका लुकलुकला तर इन्फ्रारेड. आवाजाचं बटण दाबून बघू नका, काही ब्लूटूथ रिमोटही टीव्हीच्या आवाजापुरता इन्फ्रारेड वापरतात. ब्लूटूथवाला निघाला तर सुटलात, बहुतेक. आतल्या खोलीत बसून दाबा आणि हॉलमध्ये कुणाला तरी बघायला उभं करा. पेठेतल्या जुन्या वाड्याच्या जाड भिंती असतील तर हे आधीच करा.

आता लांबी. सरळ रेषेत मोजू नका. सुतळी भिंतीच्या कडेने, दारावरून, खाली टीव्हीपर्यंत फिरवा आणि दोन्ही टोकांना मीटरभर जास्त धरा. फुल एचडीला चांगली तांब्याची एचडीएमआय केबल दहाएक मीटर खेचते. फोर-के, तेही ६० फ्रेमचं, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतचा मामला; पाच-सहा मीटरच्या पुढे साध्या तांब्यावर विसंबू नका. मग उरतात दोन वाटा: ऑप्टिकल एचडीएमआय, म्हणजे आत काचेचे तंतू असलेली केबल, नाहीतर कॅट सिक्सवर, म्हणजे इंटरनेटच्या जाड वायरीवर, चालणारा एक्स्टेंडर: दोन टोकांना दोन डबे, मध्ये ही वायर.

ऑप्टिकलला दिशा असते. एक टोक बॉक्सचं, दुसरं टीव्हीचं, प्लगवर छापलेलं असतं. उलटी ओढली तर चित्र येत नाही, सगळी परत बाहेर काढा. शिवाय तयार प्लग मुळातच रुंद, त्यात भिंतीत गाडलेला कन्सील पाइप २० किंवा २५ मिलिमीटरचा आणि मध्ये दोन बेंड. अडकणारच. कॅट सिक्स बिनाप्लगची ओढता येते, टोकं नंतर क्रिम्प करायची, म्हणजे पकडीने दाबून प्लग बसवायचे. माझं मत त्यामुळे तिलाच. दोन ओढा, एक राखीव. लाइटच्या वायरींच्या पाइपातून नको म्हणजे नको, इलेक्ट्रिशियन 'काही होत नाही' म्हणाला तरी.

खरेदीला पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रिकच्या बाजारात, जाणार असाल तर केबलची एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरी दिसली तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, ठेवून द्या. एक्स्टेंडर मागताना 'रिमोटवाला द्या' असं स्पष्ट म्हणा. दिसायला सारखेच सेट असतात, आणि स्वस्तातल्यात नेमकी तीच सोय गाळलेली असते. खोका उघडून बघा: टोकाला छोटा डोळा असलेल्या दोन बारीक वायरी हव्यात. एक रिमोटचा किरण पकडते, ती आतल्या टीव्हीखाली. दुसरी तोच किरण बॉक्सवर मारते, ती हॉलमध्ये. दोघींच्या पिना सारख्या, अदलाबदल केली की रिमोट चालत नाही. मारणारी वायर बॉक्सच्या सेन्सरवर बरोब्बर चिकटायला हवी. काळ्या प्लास्टिकवर टॉर्च तिरका मारला की सेन्सर दिसतो.

एकाच बॉक्सवरून दोन्ही टीव्ही चालवायचे तर स्प्लिटर, म्हणजे एका चित्राचे दोन फाटे करणारा डबा, लागेल. फोर-के बघायचं असेल तर त्यावर एचडीसीपी २.२ (चित्राची कॉपी रोखणारं कुलूप) लिहिलेलं हवं, एक्स्टेंडरवरही. साखळीत एक जुना तुकडा आला की पडदा काळा, नाहीतर चित्र खालच्या दर्जाचं. आणि आतला टीव्ही फुल एचडी असेल तर साधा स्प्लिटर हॉलच्या फोर-केलाही खाली ओढतो.

प्लग पॉइंट दोन्हीकडे हवा. एक्स्टेंडरचा आतला डबाही बहुधा वीज मागतो.

भिंतीला हात लावण्याआधी सगळं जमिनीवर पसरून जोडा, पूर्ण लांबीची केबल लावून, आणि संध्याकाळभर चालू ठेवा. दार लावून घ्या, पलंगावर बसा, रिमोट दाबा. चॅनल बदललं? पुन्हा दाबा. बॉक्स कपाटात राहणार असेल तर कपाटात ठेवून दाबा. हे झाल्याशिवाय गवंड्याला बोलावू नका, तो किती का घाईत असेना.

पुढचं काय, ओढणे, क्रिम्प, कॅट सिक्सच्या दोन्ही टोकांना तारांच्या रंगांचा क्रम एकच. पाइपात एक सुतळी सोडून ठेवा. भोकं बुजवणं, पुट्टी, रंग तुमचं तुम्ही बघा. ॲडाप्टरवर मार्करने लिहा कुठला कशाचा, सगळे काळे आणि सारखेच दिसतात.