गावाकडच्या जुन्या भेटीच्या जागांच्या आठवणी कशा लिहून ठेवायच्या

मोबाईल यायच्या आधी आपल्याकडं पुरुषांवर जीव लावणारे पुरुष भेटायचे कुठं, एकमेकांना ओळखायचे कसं, हे सांगू शकणारी माणसं आता सत्तरीला आली आणि बरीचशी कोणाजवळ एक शब्द न बोलता जाऊन राहिली. मी यवतमाळ-वर्धा भागात आतापर्यंत चार काकांशी बोललो, त्यातून जे शिकलो ते इथं लिहून राहिलो, म्हणजे तुमच्या गावात असा कोणी काका असेल तर तुम्हाला बसता येईल त्याच्याजवळ.

जायच्या आधी थोडा इतिहास माहीत करून घ्या, तो कामात येतो. सार्वजनिक जागेत भेटणं काही आपल्याच माणसांनी काढलेलं नाही. लंडनमध्ये 1726 साली पुरुषांच्या अशा एका अड्ड्यावर धाड पडली आणि तिघांना फाशी झाली, पॅरिसमध्ये 19व्या शतकात रस्त्यावरच्या मुताऱ्या भेटीच्या जागा झाल्या, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कचा झाडीचा भाग तर अजूनही त्यासाठी ओळखला जातो. कारण सगळीकडं एकच, घर आपलं नसतं. आपल्याकडं तर दोन खोल्यांत सात माणसं झोपतात, मग उरतं काय, स्टेशनचं टोक, बाजाराच्या मागची बाजू, जत्रेतल्या टुरिंग टॉकीजचा अंधार, रात्रीची खडी गंमत. खडी गंमतीत पुरुषच लुगडं नेसून नाचतो, ते बघायला सगळं गाव जमायचं, आणि त्या गर्दीत कोण नाचणाऱ्याकडं कसं बघून राहिला हे ज्याला कळायचं त्याला कळायचं.

कायद्याच्या तारखा पाठ ठेवा. पुरुषा-पुरुषांच्या संबंधांना गुन्हा ठरवणारं 377 कलम 1860 च्या इंग्रजांच्या कायद्यातलं, दिल्ली हायकोर्टानं 2009 मध्ये ते सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरतं बाजूला केलं, 2013 मध्ये सुप्रीम कोर्टानं परत आणलं, आणि 6 सप्टेंबर 2018 ला पाच न्यायाधीशांच्या खंडपीठानं अशा संबंधांना गुन्ह्यातून कायमचं बाहेर काढलं. म्हणजे तुमच्यासमोर बसलेल्या काकाची सगळी जवानी गुन्हेगार म्हणून गेली. तो बोलता बोलता आवाज एकदम खाली घेतो तेव्हा हे लक्षात असू द्या, मोठ्यानं बोला असं म्हणू नका.

घरी जाऊ नका. सून चहा घेऊन येते, नातू मांडीवर बसतो, काका काय बोलणार. वावरात जा, किंवा पानठेल्यावरून खर्रा घेऊन नाल्याच्या पुलावर बसा. पहिल्या भेटीत फोन काढूच नका. आणि गे हा शब्द तुम्ही आधी वापरू नका, त्यांचा शब्द काय आहे तो येऊ द्या. कोणी कोती-पंथी म्हणेल (बायकी वळणाचा तो कोती, त्याचा मर्दानी जोडीदार तो पंथी), कोणी नुसतं "आपला माणूस" म्हणेल, कोणाकडं शब्दच नसेल. एक काका मला म्हणाले, "कायले इचारतं बाबू, झालं गेलं." मी काही बोललो नाही, त्यांच्यासोबत तुरीला पाणी देत राहिलो. तिसऱ्या भेटीत ते आपणहून सुरू झाले.

किती जण होते, काय केलं, हे विचारायचं नाही, ते ऐकायला आपण गेलेलोच नाही. विचारा की किती वाजता जायचे, घरी काय सांगून निघायचे, पाऊस आला तर कुठं थांबायचे, समोरचा आपल्यातलाच हे कशावरून कळायचं. याच काकांनी सांगितलं की काडीपेटी मागायची, काडी पेटली की बिडी लावायच्या आधी क्षणभर ती तोंडाजवळ धरायची, समोरच्यानं चेहरा बघितला आणि तरी उभा राहिला तर समजायचं. हे सांगताना त्यांनी हवेत हात तसाच धरला होता, अंगठा आणि बोट, काडी नसताना.

साल कोणालाच आठवत नाही. मोवाडचा पूर आला त्याच्या आधी का नंतर असं विचारा, तो 1991 चा. गावात रंगीत टीव्ही आला होता का, एड्सच्या जाहिराती लागायला लागल्या होत्या का. असं धरून धरून दशक तरी सापडतं.

मारहाण, लुबाडणं, ब्लॅकमेल हे येणारच. मी एका काकांना ॲलन ट्युरिंगची गोष्ट सांगितली होती, एवढा मोठा गणिती, मँचेस्टरच्या रस्त्यावर एका पोराशी ओळख झाली, नंतर घरात चोरी झाली म्हणून पोलिसात गेला तर 1952 मध्ये शिक्षा त्यालाच झाली. काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "मले लग्नात भेटलेलं एचएमटी घड्याळ हिसकलं होतं दोघांनी. चौकीत काय सांगतो, अंधारात काऊन उभा होतो म्हून?" घरी त्यांनी विहिरीत पडलं म्हणून सांगितलं होतं. कोणी आजही पैसे उकळून राहिला असं निघालं तर मुलाखत तिथंच बंद करा, खंडणी हा गुन्हा आहे, ओळखीचा वकील किंवा आपल्या माणसांसाठी काम करणारी नागपूरच्या सारथी ट्रस्टसारखी संस्था गाठून द्या. जीव घाबरत असेल तर मनाच्या त्रासासाठी सरकारनं काढलेल्या टेलिमानसचा 14416 हा नंबर फुकट आहे.

रेकॉर्डिंग करायचंच तर दोनदा विचारा, सुरू करताना आणि संपल्यावर. फोनमधलं आपोआप अपलोड आधी बंद करा, घरच्यांच्या हातात जाणारा फोन असेल तर वहीच बरी. लिहून झालं की आवाजाची फाईल उडवा. नाव बदला, गाव बदला, जात आणि धंदाही बदला, कारण आपल्याकडं "जिनिंगमधला अमुक" एवढ्यावर माणूस सापडतो.

आणि जागेचं नाव, यावर मी फार कडक आहे. जिथं आजही माणसं जातात ती जागा लिहायची नाही, तालुकासुद्धा नाही, तुमच्या एका ओळीमुळं तिथं उद्या काठ्या घेऊन पोट्टे येऊ शकतात. जागा उरलीच नसेल तर मात्र नाव जरूर लिहा. यवतमाळ-मूर्तिजापूर शकुंतला ही छोटी रेल्वे आता बंद आहे, म्हणून मी लिहितो की एका काकाला तिच्या डब्यात एक मास्तर भेटला आणि पुढची कितीतरी वर्षं दोघं बाजाराच्या दिवशी एकाच डब्यात बसत राहिले.

शेवटी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा, जे म्हणतील ते कापा, वाद घालू नका. शकुंतलावाल्या काकांनी सगळं ऐकलं, मास्तरच्या गावाचं नाव खोडायला लावलं, मग म्हणाले, "ते डबा लिहिलं तिथून परत वाच."