हायब्रिड गाडीचा पिकअप: पूर्ण कसा मिळवायचा आणि खरा कसा मोजायचा

साध्या पेट्रोल गाडीचा '० ते १००' चा आकडा, म्हणजे थांबलेल्या अवस्थेतून ताशी १०० किमी गाठायला लागणारी वेळ, बऱ्यापैकी स्थिर असतो. इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेल्या हायब्रिडचा नसतो. बॅटरी किती भरलेली आहे, किती तापलेली आहे आणि गेल्या पाच मिनिटांत तिच्याकडून किती काम करून घेतलंय, यावर त्याच गाडीची, त्याच चालकाची वेळ बदलते. म्हणून एका झकास फेरीत मिळालेल्या आकड्यावर विसंबू नका. तिसऱ्या आणि चौथ्या फेरीला गाडी काय करते ते महत्त्वाचं, आणि वहीत प्रत्येक वेळेपुढे बॅटरीची स्थिती लिहिलेली असलीच पाहिजे. ती नसेल तर तो आकडा दुसऱ्या कोणत्याही आकड्याशी ताडून बघता येत नाही.

गाडी कोणत्या जातीची?

प्लगवर चार्ज होणाऱ्या दणकट गाड्यांतही दोन वेगवेगळे विचार दिसतात. बीएमडब्ल्यू एम५ मध्ये ४.४ लिटरचं व्ही८ इंजिन आहे आणि मोटर थेट गिअरबॉक्समध्ये बसवली आहे. दोघांची मिळून ताकद ७२७ पीएस (अश्वशक्ती) आणि टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, १,००० एनएम, बॅटरी १८.६ किलोवॅट-तासांची, वजन सुमारे २.४ टन, आणि कंपनीचा आकडा ३.५ सेकंद. मर्सिडीज-एएमजी सी ६३ एस ई परफॉर्मन्समध्ये इंजिन फक्त दोन लिटरचं, पण मोटर मागच्या ॲक्सलवर, तिला स्वतःचा दोन गिअरचा गिअरबॉक्स. एकूण ६८० पीएस, ३.४ सेकंद. बॅटरी मात्र फक्त ६.१ किलोवॅट-तास. ती लांब पल्ल्यासाठी बनवलेलीच नाही. झटकन रिकामी व्हायची आणि झटकन भरायची, हेच तिचं काम. या मोटरची १५० किलोवॅटची पूर्ण ताकद सलग १० सेकंदच मिळते, त्यानंतर ती ७० किलोवॅटवर येते. मोजणी करताना हे दहा सेकंद डोक्यात ठेवा.

ठाणे-नवी मुंबईत जास्त दिसणाऱ्या स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर, ग्रँड विटारा, होंडा सिटी ई:एचईव्ही, यांना प्लग नसतो. हायक्रॉससाठी टोयोटा ९.५ सेकंद सांगते. टोयोटाच्या पद्धतीत इंजिन आणि दोन मोटर-जनरेटर एका प्लॅनेटरी गिअरने (मधल्या दातेरी चाकाभोवती फिरणाऱ्या छोट्या चाकांच्या संचाने) जोडलेले असतात, पायरीपायरीचे गिअर नसतात. होंडात शहरातल्या वेगाला इंजिन बहुतेक वेळ जनरेटर फिरवतं आणि चाकं मोटर ओढते. त्यामुळे पाय पूर्ण दाबला की इंजिनाचा आवाज एकदम चढतो आणि तिथेच टिकतो, वेग मागून येतो. अनेकांना वाटतं क्लच घसरतोय. तसं काही नसतं.

'स्मार्ट हायब्रिड' असा बिल्ला असलेल्या माइल्ड हायब्रिड गाड्यांना पुढचं फारसं लागू नाही. त्यांची मोटर पिकअपमध्ये जेमतेम हातभार लावते.

बॅटरी नेमकी कुठे कमी पडते

हिशेब सोपा आहे. चालकासह अडीच टनांची गाडी ताशी १०० किमीवर न्यायला सुमारे ०.२७ किलोवॅट-तास ऊर्जा लागते. म्हणजे ६.१ ची बॅटरीसुद्धा एका फेरीत रिकामी होत नाही, शिवाय बहुतेक भार इंजिन उचलतं. अडचण साठ्याची नसते, एका क्षणी किती करंट देता येतो याची असते. सेल तापले किंवा चार्ज खाली गेला की बॅटरीचा कंट्रोलर करंट आखडता घेतो. एएमजीने या बॅटरीत १४ लिटर खास द्रव खेळवलाय, प्रत्येक सेलला थेट थंड करणारा, आणि सेल सरासरी ४५ अंशांच्या आसपास राखले जातात. मे महिन्याच्या दुपारी ऐरोली पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तासभर रखडून आलेली गाडी मोजायला उभी केलीत तर पहिलीच फेरी मंद येऊ शकते. बाहेर हवा तापलेली, एसी पूर्ण जोरात, आणि समोरून रेडिएटरला वारा नाही.

छोट्या बॅटरीच्या गाड्यांत चित्र उलटं. हायरायडरची बॅटरी ०.७६ किलोवॅट-तासांची, त्यातलाही मधलाच हिस्सा वापरात येतो. दोनतीनदा पूर्ण पाय दाबलात की डॅशबोर्डवरच्या बॅटरीच्या पट्ट्या उतरतात, आणि एकत्रित ११६ पीएसची गाडी जवळपास इंजिनाच्या ९२ पीएसवर येते. ग्रँड विटारातही तेच. गाडी भरून घाटातून वर जाताना 'मघाशी खेचत होती, आता का नाही?' असं वाटतं, त्याचं कारण बहुधा हेच.

तयारी

टायरपासून सुरुवात करा. ३.४ सेकंदांत १०० गाठायचं तर सरासरी ०.८३ जी (गुरुत्वाकर्षणाच्या ०.८३ पट) प्रवेग लागतो आणि तो सगळा चार टायरांच्या पकडीतून येतो. हवा थंड टायरमध्ये तपासा, गाडी किमान तीन तास उभी असताना, आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. टायर १० अंशांनी तापला की दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, म्हणून पंपावर पोचल्यावर गरम टायरमधली हवा सोडून 'बरोबर' करू नका. पकड वाढेल म्हणून हवा फार कमी करणंही चूक. जड हायब्रिडच्या टायरची बाजू त्याने नुसती तापते.

पेट्रोल टाकीच्या झाकणामागे लिहिलेल्या ऑक्टेनचंच घाला. टर्बो इंजिनाला कमी ऑक्टेन मिळालं की इंजिनातली ठोक ओळखणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ओढतो आणि उन्हाळ्यात ताकद हमखास घटते. उलट हायक्रॉस किंवा हायरायडरमध्ये १०० ऑक्टेन टाकून पिकअप वाढत नाही. ते पैसे वाचवा.

प्लग-इन गाडी आदल्या रात्री चार्ज करा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर पोर्टेबल चार्जर १० अँपिअर खेचतो असं धरलं तर एम५ ला सुमारे नऊ तास लागतात, ७.४ किलोवॅटच्या वॉलबॉक्सवर तीन तासांच्या आत काम होतं. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही लावू नका. तासन्‌तास पूर्ण करंट गेल्यावर प्लगची पिन वितळते. सुरुवातीला चार्ज ८० टक्क्यांच्या वर असला की पुरे. चार्ज फार खाली गेला की बऱ्याच गाड्या मोटर हात आखडून वापरतात.

यात एक चूक फार होते. माणसं इलेक्ट्रिक मोडमध्ये शांतपणे वीसेक किलोमीटर येतात आणि समजतात की गाडी तापली. इंजिन तर एकदाही चालू झालेलं नसतं, त्यातलं ऑइल थंडच. अशा अवस्थेत बऱ्याच गाड्या लाँच कंट्रोल (पूर्ण जोराने सुटण्याची गाडीतली सोय) देतच नाहीत, आणि दिलं तरी इंजिनावर अत्याचार आहे. ठिकाण येण्याआधी १५-२० मिनिटं स्पोर्टमध्ये चालवा, ऑइल ८० अंशांच्या वर येऊ द्या. चार्ज वाचवायचा असेल तर वाटेत एएमजीत 'बॅटरी होल्ड', एम५ मध्ये 'ई-कंट्रोल' निवडा.

कुठे मोजायचं

पाम बीच रोडवर नाही. घोडबंदर रोडवर नाही, अटल सेतूवर तर नाहीच. मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ शर्यतीबरोबरच वेगाच्या चाचणीलाही लागू आहे, मग एकटे असलात तरी. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण दंडापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे पाम बीचवर पहाटे पाचलाही चालायला, सायकल चालवायला निघालेले लोक असतात, आणि १०० च्या वेगात एका सेकंदात गाडी जवळपास २८ मीटर जाते.

मोजणी ट्रॅकवर किंवा धावपट्टीवर भरणाऱ्या, एफएमएससीआयची (देशातल्या मोटरस्पोर्टच्या महासंघाची) परवानगी असलेल्या कार्यक्रमातच करा. खासगी गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे तिथे काही झालं तर खर्च तुमचा. विमा कंपनीला आधी विचारा, उत्तर लेखी घ्या. १०० पर्यंत जायला साडेतीन सेकंदांच्या गाडीला ५०-६० मीटर लागतात, पण पाव मैल म्हणजे ४०२ मीटर पळवायची असेल तर थांबायला पुढे निदान तेवढीच मोकळी जागा असल्याची स्वतः चालत जाऊन खात्री करा. जाता जाता खडी आणि वाळूही पाहून घ्या.

मोजणी

मोबाईलचा जीपीएस सेकंदाला साधारण एकच नोंद घेतो, साडेतीन सेकंदांच्या फेरीला तो निरुपयोगी. सेकंदाला किमान १०, शक्यतो २५ नोंदी घेणारं वेगळं उपकरण घ्या आणि डॅशबोर्डवर काचेजवळ, आकाश दिसेल असं लावा. उष्णता अडवणारा धातूचा थर असलेल्या काचेमागे सिग्नल कमजोर होतो. स्पीडोमीटरचा व्हिडिओ काढून वेळ लावू नका, काटा कायम खऱ्यापेक्षा थोडा जास्तच दाखवतो.

उपकरणात 'एक फूट रोलआउट' हा पर्याय असतो. तो चालू असला की पहिल्या ३० सेंटिमीटरचा वेळ मोजला जात नाही आणि आकडा सेकंदाच्या पावभागाने किंवा अधिक सुधारतो. अमेरिकी चाचण्यांत ही रीत आहे. चालू ठेवा किंवा बंद, पण वहीत नोंद करा, नाहीतर दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना खोटी होते. उताराचंही तसंच: एक टक्का उताराने ३.४ सेकंदांच्या गाडीत जेमतेम ०.०४ सेकंदांचा फरक पडतो, पण साडेनऊ सेकंदांच्या गाडीत ०.३ चा. म्हणून दोन्ही दिशांना फेऱ्या घेऊन सरासरी काढा. हायक्रॉसमध्ये तीन माणसं वाढली तर वजन दहा-बारा टक्क्यांनी वाढतं, आणि ते वेळेत सरळ दिसतं.

लाँच कंट्रोलची नेमकी रीत मॅन्युअलमध्ये बघा. साधारण क्रम असा: स्टिअरिंग सरळ, सर्वात जोरकस मोड, डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजव्याने ॲक्सिलरेटर तळापर्यंत, पडद्यावर संदेश आला की दोन सेकंदांच्या आत ब्रेक सोडा. जास्त धरून ठेवलंत तर गिअरबॉक्सचं ऑइल तापतं. स्ट्राँग हायब्रिडमध्ये दोन्ही पाय एकत्र अजिबात दाबू नका. मोटरचा टॉर्क शून्यापासूनच हजर असतो, आणि दोन्ही पेडल दाबलेले दिसले की यंत्रणाच ताकद तोडते. पॉवर किंवा स्पोर्ट मोड लावा, ब्रेक सोडा, मग एका दमात पाय खाली.

दोन फेऱ्यांच्या मध्ये तीन ते पाच मिनिटं हळू फिरवा, बंद करून उभी करू नका, कारण गाडी बंद केली की पंखे आणि पंपही थांबू शकतात. स्ट्राँग हायब्रिडमध्ये ५०-६० च्या वेगाने हलके ब्रेक लावत फिरवलं की पट्ट्या परत चढतात.

आता वही वाचा. पहिली फेरी सर्वात मंद आणि पुढच्या चांगल्या? टायर किंवा ऑइल थंड होतं. पहिली चांगली, मग घसरण? बॅटरी तापली किंवा उतरली. सुटताना ईएसपीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लुकलुकत असेल तर पकड कमी पडतेय, बॅटरीला दोष देऊ नका. सगळ्याच फेऱ्या सारख्याच मंद असतील तर मोड, पेट्रोल आणि वजन तपासा. केबिनच्या हवेने बॅटरी थंड होणाऱ्या गाड्यांत सीटजवळची जाळीही बघा. तिच्यापुढे बॅग ठेवलेली असते किंवा ती केसांनी आणि धुळीने बुजलेली असते, आणि तिचा फिल्टर कित्येक गाड्यांत वर्षानुवर्षं कोणी काढलेला नसतो.

'० ते १००' सोबत ४० ते १०० ही वेळही लिहा. अटल सेतूच्या रॅम्पवर मर्यादा ४०, पुलावर १००. उलवे बाजूने चढून मुख्य लेनमध्ये शिरताना हाच पिकअप कामाला येतो. भरलेल्या गाडीत आणि बॅटरी उतरलेली असताना तो किती मिळतो हे ट्रॅकवर कळलेलं असलं की रस्त्यावर कुठली फट आपली आणि कुठली नाही, हे आधीच ठरलेलं असतं. पावसात मात्र हे आकडे विसरा. ओल्या डांबरावर ०.८ जी मिळत नाही, मोटरचा झटका मात्र कोरड्यासारखाच येतो. टायरची खोली ३ मिमीच्या खाली गेली असेल तर जूनआधी टायर बदला, कायद्याच्या १.६ मिमीची वाट बघू नका.

शेवटच्या फेरीनंतर दहा मिनिटं सावकाश चालवून मगच थांबवा. टायरवर चिरा, फुगवटे बघा, चाकांचे नट टॉर्क रेंचने तपासा, आणि चार्जर बॅटरी निवल्यावर, तासाभराने लावा.