जुना गेमिंग पीसी, खिशात मोजके पैसे: आधी काय बदलायचं?

आठ-दहा वर्षं जुना गेमिंग पीसी नवे गेम ओढत नसेल तर तो लगेच भंगारात काढू नका. पण पैसे हातात आले म्हणून थेट सिल्व्हर मॉलही गाठू नका. इंदूरच्या या बाजारात काय घ्यायचं हे न ठरवता शिरलं, की दुकानदाराकडे जे शिल्लक असेल तेच गळ्यात पडतं. दुखणं कुठे आहे ते आधी घरीच शोधा.

एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. ते टाकून जीपीयू (ग्राफिक्स कार्ड), सीपीयू (प्रोसेसर) आणि रॅमचा वापर आणि तापमान खेळताना स्क्रीनवर दिसेल असं करा. व्ही-सिंक (गेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर आकडे फसवतात. नेहमीचा गेम अर्धा तास खेळा. जीपीयू सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळतोय आणि तरी गेम अडखळतोय, तर अडचण बहुधा प्रोसेसरची किंवा रॅमची आहे.

पहिलं काम जवळजवळ फुकटातलं: सफाई. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, त्यात कॅबिनेटमध्ये धुळीचा थर. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःच वेग कमी करतो, आणि आपल्याला वाटतं मशीन म्हातारं झालं. वायर काढून ब्लोअर मारा. पंखे बोटाने धरून ठेवा, ते गरगरा फिरू देऊ नका. मग प्रोसेसरवरचा कूलर काढा. सुकून खडखडीत झालेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारा लेप) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि प्रोसेसरच्या मध्यभागी मटाराच्या लहान दाण्याएवढी नवी लावा. इंटेलच्या डब्यातल्या कूलरला चार पिना असतात. त्या तिरप्या जोडीने, टक् आवाज येईपर्यंत दाबा आणि मदरबोर्डच्या मागून चारही बाहेर आल्यात का ते बघा. एक जरी अर्धवट राहिली तरी तापमान पुन्हा चढतं.

विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर पुढचा खर्च एसएसडीचा. बऱ्याच जुन्या बोर्डांवर एम.२ची (एसएसडी थेट बोर्डात खोचायची) जागा नसते, तसं असेल तर वायरने जोडायची अडीच इंची साटा एसएसडी घ्या, ५०० जीबीच्या आसपासची. त्याने एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत, पण लोडिंग कमी होतं आणि मोठ्या मॅपमध्ये मधेच थबकणं बरंच जातं.

रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडून ड्युअल चॅनल करा, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकत्र काम करतील. एकूण १६ जीबी पुरे. रॅम डीडीआर३ या जुन्या पिढीची असेल तर वापरलेलीच घ्या. तिच्यावर नव्याचे पैसे घालणं मला पटत नाही, कारण ती पुढच्या मशीनमध्ये बसणार नाही. माझा सगळा हिशोबच असा आहे: मोठा पैसा जे पुढे सोबत नेता येईल त्यावर. म्हणजे एसएसडी, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि ग्राफिक्स कार्ड.

कार्डाआधी एसएमपीएस बघा. डब्यावरच्या '४५० वॉट'ला भुलू नका. बाजूच्या स्टिकरवर १२ व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिलेत ते पाहा आणि १२ने गुणा. तिथे १६ अँपिअर असेल तर खरी ताकद १९२ वॉट, आणि एकटं आरएक्स ५८० कार्ड जवळपास १८५ वॉट मागतं! अशा एसएमपीएसवर जेमतेम ७५ वॉटचं, वेगळी वायर न लागणारं जीटीएक्स १६५० झेपेल. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस घेतला तर जीटीएक्स १६६० सुपर किंवा आरएक्स ६६०० निर्धास्त बसवता येतं. आरएक्स ६५०० एक्सटी मात्र जुन्या बोर्डावर टाळा. ते पीसीआयईच्या (कार्ड बसतं त्या स्लॉटच्या) चारच लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं, त्यामुळे जुन्या स्लॉटमध्ये मार खातं.

जुनं कार्ड घेताना "भिया, लगाके दिखाओ" म्हणायला लाजू नका. दुकानातच फरमार्क हे कार्डावर पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर पंधरा मिनिटं चालवा. स्क्रीनवर ठिपके किंवा रेघा आल्या, पंखा घरघरला, तर परत द्या. कार्डाची माहिती दाखवणाऱ्या जीपीयू-झेड सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल आणि मेमरी जुळवा. लेबल बदललेली कार्डं बाजारात फिरतात. टेस्टिंगची मुदत बिलावर लिहून घ्या.

प्रोसेसर सगळ्यात शेवटी. इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय५च्या जागी जुना आय७-४७७० त्याच सॉकेटमध्ये बसतो, स्वस्त मिळाला तरच घ्या. एएम४ (एएमडीच्या प्रोसेसरचा सॉकेट) बोर्डवाल्यांचं नशीब चांगलं: २०१७च्या कित्येक बोर्डांवर बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून रायझन ५ ५६०० चालतो. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरची प्रोसेसरची यादी मात्र आधी बघा, आणि बायोस जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करा.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढेच चालतं. म्हणून चौथ्या पिढीच्या बोर्डात दुसरं फार काही ओतू नका. नवं कार्ड बसवलं की मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, मदरबोर्डच्या पोर्टला नाही.