या चुका टाळा: जुनं सिलिंडर हेड वाचवायचं की भंगारात द्यायचं?

नवे गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते ती नळी), नव्या सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कडी), नवे व्हॉल्व्ह आणि आरशासारखा फेस (ब्लॉकवर बसणारी खालची बाजू) असलेलं हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, शेवटी प्रेशर टेस्टला येतं. पाण्यात बुडवून हवा भरली की एक्झॉस्ट पोर्टच्या (जळलेला वायू बाहेर जायच्या वाटेच्या) तळातून बुडबुड्यांची माळ सुरू होते. आतापर्यंतचा सगळा खर्च त्या क्षणी वाया जातो, कारण क्रॅक पहिल्या दिवसापासून तिथेच होता. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता हेड हातात घेतल्यावर माझा पहिला प्रश्न असतो, यावर अजून कोणी काही काम केलं नाही ना?

हेड निकामी ठरवू शकणाऱ्या तपासण्या आधी उरकायच्या. त्या स्वस्त आहेत. पैसे खाणारी कामं त्यानंतर. माझा क्रम ठरलेला आहे: साफसफाई, क्रॅक, प्रेशर टेस्ट, अ‍ॅल्युमिनियम असेल तर कठीणपणा, मग फेसचा आणि कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) रेषेचा बाक, त्यानंतर उरलेली उंची. गाइड, सीट आणि व्हॉल्व्हचा विषय या सगळ्यातून हेड पार पडल्यावरच. घाईतला माणूस नेमकं उलट करतो. व्हॉल्व्ह घासायला बसतो, कारण ते काम घरी करता येतं आणि काहीतरी झाल्यासारखं वाटतं.

नुसता फेस सरळ केला की हेड सरळ झालं, असं समजणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून तिच्यावर जरा सविस्तर लिहितो.

ज्या हेडमध्ये कॅम वरच बसतो, त्या अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला तापल्यावर बाक येतो तो अख्ख्या हेडला. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. खाली बिडाचा ब्लॉक, बोल्टांनी जखडलेलं हेड, पाणी संपलेलं. पसरायला जागा नाही म्हणून हेड कमानीसारखं वाकतं. खालचा फेस वाकला तशी वरची कॅमची रेषाही वाकते. मशीनवर फेसिंग मारलं की खालचा भाग सपाट होतो, वरचा तसाच राहतो.

माझ्याकडे तपासणीला आलेलं असंच एक चार सिलिंडरचं हेड होतं. पाण्याचा पाइप फुटला होता, मालकाने काटा लाल रेषेवर असताना गाडी पुढे दामटली होती. कुठल्याशा वर्कशॉपने बाक मोजला, फेसिंग मारून दिलं, नवं गॅस्केट टाकलं. जोडताना कॅम हाताने फिरेना. तेव्हा जोडणाऱ्याने सांगितलं की चालून चालून मोकळा होईल. इंजिन सुरू झालं, आवाजही बरा होता. काही दिवसांनी मधल्या जर्नलवर (कॅम ज्या जागी टेकून फिरतो तिथे) तेलाची फिल्म तुटली, कॅम जखडला, टायमिंग बेल्टचे दात उडाले आणि उघडे असलेले व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळले. हेड माझ्या टेबलावर आलं तेव्हा कॅम वरून धरणाऱ्या मधल्या दोन कॅपांमध्ये अ‍ॅल्युमिनियम अक्षरशः फासलं गेलं होतं, टोकांची जर्नल मात्र जवळपास नव्यासारखी होती. बोल्टांच्या वॉशरखाली पाहिलं तर वॉशर धातूत रुतून खड्डे पडलेले. म्हणजे हेड वाकलं होतं आणि मऊही पडलं होतं. या दोन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी दिसल्या असत्या, आणि एक हेड भंगारात जाऊन विषय संपला असता. त्याऐवजी पिस्टनसकट अख्खं इंजिन गेलं.

आता मी काय करतो ते सांगतो. हेड उघडल्यावर फॉलोअर आणि बकेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधले भाग) काढून रिकामा कॅम त्याच्या जागी ठेवतो, कॅप आपापल्या नंबरावर आणि दिशेत लावून पूर्ण टॉर्क देतो, थोडं तेल घालतो. कॅम दोन बोटांनी फिरायला हवा. फिरताना एका जागी अडखळला तर रेषा वाकली आहे किंवा कॅमच वाकला आहे. कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवून डायलने तपासला की दोषी कोण ते कळतं. ‘थोडा घट्ट आहे पण फिरतोय’ हे उत्तर मी मान्य करत नाही.

रेषा वाकली असेल तर आधी हेड सरळ करायचं, फेसिंग त्यानंतर. जाड पोलादी पाटावर टोकांखाली योग्य जाडीच्या शिम (पातळ पत्रे) देऊन मधला भाग बोल्टने खाली ओढतात, भट्टीत २०० अंश सेल्सियसच्या वर काही तास ठेवतात आणि भट्टीतच हळूहळू निवू देतात. गॅसचा टॉर्च मारून, घण घालून हेड सरळ करणाऱ्यांपासून लांब राहा. सरळ झाल्यावरही कॅमच्या भोकांना लाइन बोअरिंग (सगळी भोकं एका रेषेत पुन्हा कापणं) लागू शकतं. हे सगळं केल्यावर कठीणपणा पुन्हा मोजायचा, कारण भट्टीची उष्णताही धातू थोडा मऊ करते.

मऊ पडलेलं हेड न ओळखणं

अ‍ॅल्युमिनियमची बरीच हेड ओतल्यावर उष्णताप्रक्रियेने कठीण केलेली असतात. ती प्रक्रिया साधारण १५० ते २०० अंशांच्या दरम्यान पूर्ण होते. हेड त्याच्या बरंच वर तापलं की कमावलेला कठीणपणा निघून जातो आणि तो आपोआप परत येत नाही. डोळ्यांना काहीच दिसत नाही. क्रॅक नाही, फेस सरळ करता येतो, प्रेशर टेस्ट पास. पण बोल्ट आवळल्यावर धातू दबत राहतो, टॉर्क उतरतो आणि महिनाभरात गॅस्केट पुन्हा उडतं. मग लोक गॅस्केटच्या कंपनीला शिव्या घालतात.

चांगल्या हेडची ब्रिनेल कठीणता मिश्रधातूनुसार साधारण ८० ते ११० मिळते. ६० च्या खाली आकडा आला की मी पुढचं काम घेत नाही. रीडिंग एकाच जागी घेऊ नका. दोन सिलिंडरांच्या मधली जागा सर्वात जास्त तापते, तिथे मोजा आणि टोकाशीही मोजा, फरकच बरंच काही सांगतो. मोजायचं यंत्र नसेल तर वॉशरखालच्या जागा पाहा, आणि सीट कुठे सैल झाली आहे का तेही तपासा. तापलेल्या हेडमधून सीट सुटून पडणं हा प्रकार दुर्मीळ नाही.

थंड पाण्यात प्रेशर टेस्ट

थंड हेडमध्ये बारीक क्रॅक मिटलेला असतो. इंजिन गरम झालं की तो उघडतो आणि पाणी प्यायला लागतो. म्हणून टेस्टचं पाणी ७०-८० अंशांना हवं, आणि हेड त्यात ठेवून पूर्ण तापू द्यायला हवं. हवेचा दाब मी २ ते ३ बार ठेवतो. बहुतेक गाड्यांमध्ये कूलंटचा दाब १ ते १.५ बारच असतो, तेव्हा एवढा पुरतो. आणि धीर धरा. दोन मिनिटांत ‘पास’ म्हणून बाहेर काढलेल्या हेडवर माझा विश्वास नाही. एखादा बुडबुडा बराच वेळ लावून येतो.

गाइड आणि सीट दाबून बसवल्यावर मी टेस्ट दुसऱ्यांदा करतो. दाबताना पातळ भिंत फुटू शकते. ग्राहकाला ही दुसरी टेस्ट नको असते, तरी मी करतो.

क्रॅक दिसला की फेकून देणं

ही उलट्या बाजूची चूक, आणि हिच्यामुळेही चांगली हेड वाया जातात. दोन व्हॉल्व्हच्या सीटमध्ये केसासारखी रेघ दिसली म्हणजे हेड मेलं असं नाही. काही उत्पादकांच्या मॅन्युअलमध्ये सीटच्या मधल्या किंवा सीटपासून प्लगच्या आट्यांपर्यंतच्या बारीक क्रॅकला रुंदीची मर्यादा देऊन हेड पुन्हा वापरायला स्पष्ट परवानगी आहे. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल काय म्हणतं ते आधी वाचा. क्रॅक पाण्याच्या पोकळीपर्यंत गेलाय का ते प्रेशर टेस्ट सांगेल. सीट जिथे बसते त्या कडेतून आरपार गेला असेल तर मात्र सीट धरून राहणार नाही.

शोधण्याची पद्धत धातूवर ठरते. बिडाच्या हेडवर चुंबकीय पावडर उत्तम चालते. अ‍ॅल्युमिनियमला चुंबक लागतच नाही, तिथे डाय टेस्ट, म्हणजे क्रॅकमध्ये शिरणारा रंग लावून पाहणं. डाय लावण्याआधी कार्बन पूर्ण निघायला हवा, नाहीतर क्रॅक कार्बननेच भरलेला असतो आणि रंग आत शिरत नाही. दोन्ही पद्धती फक्त हात पोचेल तिथलं दाखवतात. पोर्टच्या आतली वळणं प्रेशर टेस्टवरच सोडावी लागतात.

बिडाला थंड वेल्डिंग

बिडाच्या हेडवर साधा वेल्डिंग रॉड ओढला की टाक्याच्या शेजारी काचेसारखा ठिसूळ पट्टा तयार होतो आणि नवा क्रॅक तिथूनच निघतो. करायचंच असेल तर अख्खं हेड सुमारे ६०० अंशांच्या वर, मंद लाल होईपर्यंत तापवून वेल्डिंग आणि मग अतिशय सावकाश थंड करणं. हे ज्याला येतं त्यालाच द्या. बाहेरच्या, कमी तापणाऱ्या भागातला क्रॅक असेल तर मला स्टिचिंग जास्त आवडतं: क्रॅकच्या रेषेवर एकमेकांत घुसणाऱ्या आट्यांच्या पिना बसवत जायचं. उष्णता लागत नाही, त्यामुळे नवा ताण येत नाही.

कॉस्टिकच्या टाकीत अ‍ॅल्युमिनियम. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. बिडाची हेड धुवायची टाकी वेगळी, अ‍ॅल्युमिनियमची वेगळी. यावर चर्चा नको.

काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग करून तेलाचे मार्ग न धुणं: एक चिमूट उरली तरी बेअरिंग संपलं. फेसवर हातमशीनची खरखरीत चकती फिरवणंही तसंच, शिवाय तिने खळगे पडतात आणि पत्र्याच्या थरांचं गॅस्केट तिथे बसत नाही.

गरम इंजिनावर हेड खोलणं. पूर्ण थंड होऊ द्या. बोल्ट आवळण्याच्या उलट क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत सैल करा. बरं हेड खोलतानाच वाकवणारे लोक आहेत.

प्लगच्या आट्या गेल्या म्हणून भंगार. इन्सर्ट बसवा. या कारणासाठी कोणी हेड फेकू नये.

उंची न मोजता फेसिंग

स्ट्रेट एज लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर ठेवून ०.०५ मिमीचं फिलर (मापाची पातळ पट्टी) कुठे शिरतं ते पाहा. बहुतेक मॅन्युअलची मर्यादा याच्या आसपास असते. त्याच वेळी हेडची उंचीही मोजा, कारण आधीच्या कोणीतरी एकदा-दोनदा फेसिंग मारलेलं असू शकतं. मॅन्युअलमध्ये किमान उंची दिलेली असते. काही डिझेल हेडला फेसिंग अजिबातच चालत नाही, तिथे व्हॉल्व्ह फेसच्या किती आत आहे हे माप सांभाळायचं असतं.

थोडं काढल्याने काय बिघडतं, असं विचारणाऱ्यांसाठी एक हिशोब. ८६ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास), ८६ मिमी स्ट्रोक (पिस्टनची चाल) आणि १०:१ कॉम्प्रेशन असलेलं इंजिन घ्या. एका सिलिंडरचे ५०० सीसी, वरची पोकळी साडेपंचावन्न सीसी. हेडमधली पोकळी पूर्ण बोअरएवढी रुंद असेल आणि ०.२५ मिमी काढलं, तर जवळपास दीड सीसी जातं आणि कॉम्प्रेशन १०.२ च्या पुढे पोचतं. हे एकदाचं. दुसऱ्यांदा काढलं की नॉकिंग (इंधन अवेळी पेटल्याचा ठोका) ऐकू येऊ शकतं. शिवाय कॅम क्रँकच्या जवळ येतो, टायमिंग किंचित मागे सरकतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतो. जाड गॅस्केट मिळत असेल तर यातलं बरंच भरून निघतं. नसेल तर हे हेड किमान उंचीवर आलं की संपलं.

गाइड झिजलेला असताना व्हॉल्व्ह घासणं

सीट कापायच्या हत्याराचा पायलट (मधला दांडा) गाइडमध्येच बसतो. गाइड झिजलेला असेल तर सीटचं केंद्रच चुकतं. घासायची पेस्ट कितीही फिरवा, चालू इंजिनात व्हॉल्व्ह डुलतो आणि दर वेळी वेगळ्या जागी टेकतो. आधी गाइड, मग सीट, आणि मग तपासण्यापुरतं हलकं घासणं.

जुन्या बिडाच्या हेडमध्ये वेगळी सीट नसते, ती हेडमध्येच कापलेली असते. शिसं घातलेलं पेट्रोल होतं तोवर शिशाचा थर तिचं रक्षण करायचा. गाड्यांसाठीचं ते पेट्रोल २०२१ मध्ये अल्जीरियाने बंद केल्यावर जगात कुठेच उरलं नाही, आणि अशा सीट जोरात चालवल्यावर आत खचत जातात. एवढ्यावरून हेड टाकून देऊ नका. खाच कापून कठीण सीट बसवता येते. पण पाण्याची पोकळी किती जवळ आहे ते माहीत असल्याशिवाय कटर लावू नका.

‘दुसरं जुनं हेड आणून टाकू’ हा शॉर्टकट

दुसरं हेडही कुठल्यातरी मेलेल्या इंजिनातून आलेलं असतं. त्यालाही तोच क्रम, त्याच टेस्ट. विकणारा ‘चालू गाडीचं आहे’ म्हणाला, हे तपासणीचं रीडिंग नव्हे. हेड सहज नवं मिळत असेल तर मऊ पडलेल्या किंवा पाण्याच्या भोकांभोवती खाल्लेल्या हेडवर मी जीव लावत नाही. मिळतच नसेल, तर गॅस्केटच्या कड्याखालची खाल्लेली जागा टिग वेल्डिंगने भरून, पुन्हा फेसिंग मारून, कठीणपणा तपासून ते उभं करण्यात मला आनंदच आहे.

हेड निकामी ठरलंच, तर बकेट, कॉटर (व्हॉल्व्हची स्प्रिंग अडकवून ठेवणाऱ्या छोट्या पाचरी) आणि मापात असलेल्या स्प्रिंग काढून ठेवा. कॅमच्या कॅप ठेवू नका, त्या त्याच हेडबरोबर बोअर केलेल्या असतात आणि दुसऱ्यावर बसत नाहीत. आणि भंगारात देण्याआधी फेसवर ग्राइंडरने आडवा खोल चर मारा. तसं न केलेली हेड रंग देऊन, फेसिंग मारून परत विकायला आलेली मी पाहिली आहेत.