पत्ता नसलेल्या माणसाचा अर्ज

समाजकार्याच्या शिक्षणात पहिल्याच वर्षी क्षेत्रकार्य लागतं. माझ्या वाट्याला मिरज जंक्शनबाहेरचा परिसर आला. डिसेंबरातल्या पहिल्या रात्री आम्ही तिथं उघड्यावर झोपणाऱ्या बेघरांना ब्लँकेटं वाटली, फोटो काढले. आठवड्यानं गेले तर एकाकडंही ब्लँकेट दिसेना. विकली असणार, असं वाटून मला राग आला. तिथल्या एका मामांनी समजावलं, "पोरी, दिवसा ते ठेवायचं कुठं? हमालीला गेलो की मागं कोण तरी उचलून नेतंय."

लाज वाटली. तेव्हापासून वाटप बंद केलं आणि नुसती जात राहिले. नव्यानं येणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं हेच: महिनाभर काही न देता जा. रात्री दहानंतर जा, पण एकट्यानं नको. वही आणि मोबाईल पिशवीतच राहू द्या. सरकारी गाडीतून तर कधीच जाऊ नका. मी एकदा ती चूक केली. गाडी बघताच निम्मे लोक पळाले, कारण १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली उचलून नेण्याची भीती त्यांच्या अंगात मुरलेली आहे. पुढचे पंधरा दिवस माझ्याशी कुणी धड बोललं नाही.

मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकातूनही पेशंट येतात. मामा असेच बायकोला घेऊन आलेले. आजारपणात घर गेलं, नंतर बायकोही गेली, आणि गावाकडं जायला तोंड राहिलं नाही. त्यांच्या प्लास्टिकच्या पिशवीत तिचा केसपेपर अजून आहे, घड्यांवर फाटत आलेला. स्वतःचं आधार कार्ड मात्र हरवलेलं.

वय ६५ च्या पुढं, म्हणून निराधार वृद्धांना पेन्शन देणाऱ्या सरकारी श्रावणबाळ योजनेचा अर्ज करायचं ठरलं. महिन्याला १५०० रुपये म्हणजे मामांची हमाली थांबली असती. एका खिडकीवर विचारलं, "पत्ता?" मामा म्हणाले, "स्टेशन." अर्ज तिथूनच परत. मीही गप्प उभी राहिले, ते आजही सलतं.

मान्यताप्राप्त निवारागृहाच्या प्रमुखाचा दाखला आधारसाठी चालतो, हे मला फार उशिरा कळलं. निवाऱ्यात झोपायला जागा मिळते, तसा कागदावर लिहायला पत्ताही मिळतो. म्हणून महापालिकेकडं जाताना दयेची भाषा नको, आकडे न्या. दर एक लाख लोकसंख्येमागं एक, चोवीस तास आणि बारा महिने उघडा निवारा हवा, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे. २०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाडची लोकसंख्या पाच लाखांवर होती. म्हणजे पाच निवारे हवेत. किती आहेत, खाटा किती, रात्री माणसं किती असतात, हे माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, उत्तराला ३० दिवस. तोंडी विनंतीला "बघू" म्हणता येतं. आवक क्रमांक पडलेल्या अर्जाला उत्तर द्यावं लागतं.

आणि अर्ज घेऊन एकट्यानं जाऊ नका, ज्याचा आहे त्याला सोबत न्या. खुर्ची त्याला द्या, बोलू त्यालाच द्या.

मामांचं आधार निवाऱ्याच्या पत्त्यावर आलं. त्यांनी ते केसपेपरच्या घडीत सरकवलं आणि पिशवीला गाठ मारली. श्रावणबाळचा अर्ज नव्यानं भरलाय. सोमवारी आम्ही दोघं तहसीलला चाललोय.