वृद्धाश्रम असो वा इमारत, परवानगीच्या फायलीत या चुका टाळा

ठाण्यात घोडबंदर रोडला वृद्धाश्रमासाठी बंगला भाड्याने घ्यायचा, खाटा टाकायच्या, बोर्ड लावायचा आणि मग महापालिकेत चौकशीला जायचं, हा उलटा क्रम सर्रास दिसतो. भाडेकरारावर सही करण्याआधी झोन दाखला काढा. विकास आराखड्यात जागा कशासाठी दाखवली आहे आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे, यावर पुढचं बरंच ठरतं. डिसेंबर २०२० पासून ठाणे-नवी मुंबईला यूडीसीपीआर, म्हणजे राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली, लागू आहे, तरी जुन्या नियमांच्या झेरॉक्स काखेत मारून फिरणारे सल्लागार अजून भेटतातच.

नवी मुंबईत जमीन बहुतेक सिडकोची, भाडेपट्ट्यावर दिलेली. वाशी-नेरूळला परवानगी महापालिकेचा नगररचना विभाग देतो, पण रो-हाउसचा वापर बदलायचा तर सिडकोची ना हरकतही लागते. भूखंड एमआयडीसीचा असेल तर परवानगीही तिथलीच.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज साठ दिवसांचा. ‘साठ दिवसांत उत्तर नाही, म्हणजे परवानगी मिळाली’ असं छातीठोकपणे सांगतात. १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात अशी मानीव (मिळाली असं धरलेली) परवानगी आहे, हे खरं. मात्र कार्यालयाने अर्जातल्या उणिवा दाखवणारं त्रुटीपत्र पाठवलं असेल, तर साठ दिवस तुमच्या उत्तरापासून मोजले जातात. शिवाय नकाशा नियमात बसत नसेल, तर मानीव परवानगीचा उपयोग शून्य. त्या भरवशावर उभं केलेलं बांधकाम अनधिकृतच ठरतं आणि ते काढून टाकण्याची कलम ५३ ची नोटीस येते. म्हणून त्रुटीपत्राला तुकड्या-तुकड्यांत उत्तर देऊ नका. एकदाच, मुद्देसूद द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

अर्ज नाकारला गेला तर याच कायद्याच्या कलम ४७ खाली राज्य शासनाकडे अपील करता येतं, आदेश हाती पडल्यापासून चाळीस दिवसांत. साहेबांना पुन्हा भेटू, जरा ओळख काढू, यात हे दिवस निघून जातात. मंजुरी मिळाली तरी ती एक वर्षाचीच. मुदतवाढ वेळेत मागा.

नकाशा मंजूर झाला म्हणजे संस्था चालवायला मोकळे, असंही नाही. आजारी माणसांना ठेवून उपचार-शुश्रूषा करायची असेल, तर १९४९ च्या नर्सिंग होम कायद्याखाली आरोग्य विभागाकडे वेगळी नोंदणी लागते. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं ‘ब’ प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं.

विरोध करणारे शेजारीही चुकतात. नगरसेवकाला गाठून महासभेत ठराव करून घ्यायची धडपड करतात, पण परवानगीचा अधिकार आयुक्तांकडे असतो. ठाण्यात हरकत शहर विकास विभागात द्यावी लागते. कलम ४७ चं अपील अर्जदारालाच करता येतं, शेजाऱ्याला नाही. मंजुरीनंतर जागं होणाऱ्यांसाठी तो रस्ता बंद असतो. हरकतीत ‘म्हातारी-आजारी माणसं नकोत, फ्लॅटचे भाव पडतील’ असं लिहिणं माणुसकीला धरून नाहीच, शिवाय नियमांच्या चौकटीत त्याला किंमतही नाही. रस्त्याची रुंदी, सामासिक अंतर (इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा), पार्किंग, फायर ब्रिगेडची गाडी आत वळेल की नाही, हे मुद्दे टिकतात. त्यासाठी माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागवा आणि हरकतीत नेमकी तफावत दाखवा.